जुन्या वस्तूंची ऑनलाइन विक्री

जुन्या वस्तूंची ऑनलाइन विक्री म्हणजे एखाद्या व्यक्तीने स्वतः वापरलेली वस्तू संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर जाहिरात देऊन दुसऱ्या व्यक्तीस विकणे होय. मोबाइल, दुचाकी, चारचाकी, दूरचित्रवाणी संच, धुलाई यंत्र, शीतकपाट, लाकडी सामान, पुस्तके आणि ग्रामीण भागात ट्रॅक्टर, मोटारपंप, तुषार सिंचन संच यांसारखी शेतीची साधने या मार्गाने विकली जातात. जाहिरात देणे सोपे व बहुधा विनामूल्य असते. मात्र किंमत ठरविणे, खरा ग्राहक ओळखणे, वस्तू दाखविणे, पैसे स्वीकारणे आणि मालकी रीतसर हस्तांतरित करणे ही सर्व कामे विक्रेत्यालाच करावी लागतात. पारंपरिक बाजारात यांपैकी बरीच कामे बाजाराची जागा, ओळख आणि मध्यस्थ यांच्यामुळे पार पडत असत. ऑनलाइन बाजारात हे तिन्ही आधार नसल्याने निष्फळ चौकशा, अवाजवी घासाघीस, आर्थिक फसवणूक आणि विक्रीनंतरही कायम राहणारी कायदेशीर जबाबदारी या अडचणी विक्रेत्यांना भेडसावतात. वाशिमसारख्या विरळ वस्तीच्या जिल्ह्यात या अडचणी अधिक तीव्र होतात.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात जुन्या वस्तूंच्या व्यापाराची परंपरा मोठी आहे. मुंबईत भेंडी बाजारानजीक मटन स्ट्रीटवरील चोर बाजार आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार हे त्याचे परिचित नमुने आहेत. पुण्यातील अप्पा बळवंत चौक आणि मुंबईतील फ्लोरा फाउंटनचा परिसर जुन्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध आहेत. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला आणि भंगारवाला हे घरोघरी फिरणारे खरेदीदार होत. नवे भांडे घेताना तांब्यापितळेचे जुने भांडे मोडीच्या भावाने दुकानदारास देण्याची रीतही सर्वत्र आढळते.

या सर्व प्रकारांत विक्रेत्यास किंमत कमी मिळत असे. परंतु व्यवहार जागच्या जागी पूर्ण होई. वस्तू समोर असे, पैसे रोख मिळत आणि खरेदीदार बहुधा ओळखीचा किंवा नेहमीचा असे. मोठ्या व्यवहारांसाठी मध्यस्थ होते. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून दोन्ही बाजूंचा भाव जुळवीत. सौदा ठरताच इसार दिला जाई आणि बाजार समितीच्या आवारातील खरेदीची पावती होई. इसार दिलेला ग्राहक सहसा माघार घेत नसे, कारण तसे केल्यास पैसे जात आणि बाजारात नावही जाई.

वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींनी हे व्यवहार परिचितांच्या वर्तुळाबाहेर नेले. जाहिरातीला शब्दांनुसार पैसे मोजावे लागत असल्याने विकण्याची खरी इच्छा असलेलेच जाहिरात देत. ग्राहकालाही दूरध्वनी करावा लागे किंवा प्रत्यक्ष जावे लागे. त्यामुळे चौकशी करणारे थोडे असले तरी त्यांतील बरेच जण खरोखर घेणारे असत.

ऑनलाइन बाजाराचा उदय

अमेरिकेत १९९५ साली ईबे आणि क्रेगलिस्ट या सेवा सुरू झाल्या. ईबेवर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून एका बिघडलेल्या लेसर पॉइंटरचा उल्लेख केला जातो. इतरांना निरुपयोगी वाटणाऱ्या वस्तूलाही कोठेतरी ग्राहक असू शकतो, हे या उदाहरणाने दाखवून दिले. भारतात २००० साली मुंबईत बाझी डॉट कॉम हे लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले. २००४ साली ते ईबेने विकत घेतले. त्याच वर्षी या संकेतस्थळावर एका सदस्याने आक्षेपार्ह ध्वनिचित्रफीत विक्रीस ठेवल्यामुळे संकेतस्थळाच्या प्रमुखास अटक झाली आणि सदस्याच्या कृत्यास संकेतस्थळ किती जबाबदार, हा प्रश्न देशात प्रथमच ठळकपणे पुढे आला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ साली झालेल्या दुरुस्तीने मध्यस्थ संस्थांच्या जबाबदारीची मर्यादा नव्याने आखण्यात आली.

ओएलएक्स ही सेवा २००६ साली आणि क्विकर ही सेवा २००८ साली सुरू झाली. या दोन्ही सेवांनी लिलावाऐवजी स्थानिक छोट्या जाहिरातींचे प्रारूप स्वीकारले. यात संकेतस्थळ खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ घालून देते; पैसे व वस्तू यांची देवाणघेवाण ते दोघे आपसांत करतात. फेसबुकने २०१६ साली मार्केटप्लेस ही सुविधा आणली आणि २०१७ च्या अखेरीस भारतात तिची चाचणी मुंबईत घेतली. ओएलएक्सचा भारतातील वाहने व वर्गीकृत जाहिरातींचा व्यवसाय २०२३ साली कारट्रेड टेक या कंपनीने सुमारे ५३७ कोटी रुपयांस विकत घेतला.

ग्रामीण महाराष्ट्रात या बाजाराचा प्रसार होण्यामागे दोन घटना महत्त्वाच्या आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या आगमनानंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले. त्याच वर्षी भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाची यूपीआय ही देयक प्रणाली कार्यान्वित झाली. तालुक्याच्या गावातील विक्रेत्यालाही अनोळखी ग्राहकाकडून क्षणात पैसे घेता येऊ लागले. याच सोयीचा पुढे फसवणुकीसाठीही वापर झाला. संकेतस्थळांबरोबरच गाव, तालुका किंवा व्यवसाय यांनुसार तयार झालेले व्हॉट्सअ‍ॅप गट हेदेखील खरेदी-विक्रीचे माध्यम बनले.

विक्रेत्यांपुढील अडचणी

किंमत ठरविणे

जुन्या वस्तूला छापील किंमत नसते. विक्रेता खरेदीची किंमत आणि वस्तूशी असलेली जवळीक लक्षात घेतो, तर ग्राहक त्याच वस्तूच्या नव्या नमुन्याची आजची किंमत पाहतो. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० साली या प्रवृत्तीस ‘स्वामित्व परिणाम’ या अर्थाची संज्ञा दिली. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साधा कॉफीचा पेला हाती आलेल्या व्यक्तींनी तो देण्यासाठी मागितलेली किंमत ही, पेला नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती. घरातील सामानाच्या बाबतीत ही तफावत अनेकदा सौदा होऊच देत नाही.

ग्राहकाच्या बाजूनेही अडचण असते. वस्तूतील दोष विक्रेत्यास ठाऊक असतात, ग्राहकास नसतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन या असमतोलाचे विश्लेषण केले. चांगली व वाईट गाडी ओळखता येत नसल्यास ग्राहक सरासरीइतकीच किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकण्यास तयार होत नाही आणि बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढत जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासह २००१ चा अर्थशास्त्राचा नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला. वस्तू नीट जपून वापरलेल्या विक्रेत्यालाही पडता भाव का ऐकावा लागतो, याचे उत्तर या विश्लेषणात सापडते. खरेदीचे मूळ बिल, हमीपत्र आणि दुरुस्तीच्या नोंदी दाखविल्यास हा अविश्वास काही प्रमाणात कमी होतो.

वाहनांसाठी विम्याच्या घोषित मूल्याचा आधार घेता येतो. प्रचलित घसारा श्रेणीनुसार वाहन १ वर्षाहून अधिक व २ वर्षांपर्यंत जुने असल्यास २० टक्के, २ ते ३ वर्षांस ३० टक्के, ३ ते ४ वर्षांस ४० टक्के आणि ४ ते ५ वर्षांस ५० टक्के घट धरली जाते. प्रत्यक्ष बाजारभाव यापेक्षा वेगळा असू शकतो. तरीही दोन्ही पक्षांना मान्य होईल असा प्रारंभबिंदू त्यातून मिळतो.

निष्फळ चौकशा

जाहिरात दिल्यानंतर थोड्याच वेळात ‘आहे का?’, ‘शेवटचे किती?’ असे संदेश येऊ लागतात. यांतील बहुतेकांचा पुढे पाठपुरावा होत नाही. चौकशी करण्यास काहीच खर्च येत नसल्याने एकच ग्राहक अनेक विक्रेत्यांना एकाच वेळी विचारू शकतो. जाहिरातीत दिलेली माहिती न वाचता तीच पुन्हा विचारली जाते. येण्याची वेळ ठरवून न येणे, आल्यानंतर ठरलेल्या किमतीपेक्षा कमी रक्कम पुढे करणे आणि ‘घरच्यांना विचारून सांगतो’ असे सांगून संपर्क बंद करणे हे अनुभव सार्वत्रिक आहेत. ग्राहकासाठी वस्तू राखून ठेवणारा विक्रेता या काळात दुसरा ग्राहक गमावतो.

चौकशी करणाऱ्यांत व्यापारीही असतात. ते ग्राहक म्हणून बोलतात, शक्य तितक्या कमी किमतीत वस्तू घेतात आणि तीच वस्तू वाढीव किमतीस पुन्हा जाहिरातीत देतात. यात बेकायदेशीर काही नाही. परंतु घरगुती विक्रेत्याला आपली वस्तू दुसऱ्याच दिवशी अधिक किमतीने विक्रीस लागलेली दिसते.

घासाघीस आणि देवाणघेवाणीचे प्रस्ताव

घासाघीस हा भारतीय बाजाराचा नेहमीचा भाग आहे. समोरासमोरच्या घासाघिशीला मात्र वेळेची व भिडेची मर्यादा असते. संदेशांतून होणाऱ्या घासाघिशीला ती राहत नाही. मागितलेल्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी रक्कम सुचविणे, पैशांऐवजी दुसरी जुनी वस्तू देऊ करणे, हप्त्याने पैसे देण्याची तयारी दाखविणे असे प्रस्ताव येतात. अनेक विक्रेते हे गृहीत धरून मुळातच किंमत वाढवून सांगतात. परिणामी जाहिरातींतील किमती प्रत्यक्ष सौद्याच्या किमतींपासून दूर जातात आणि नव्या विक्रेत्यास त्यांवरून अंदाज बांधणे कठीण होते.

अंतर व वाहतूक

मोबाइल किंवा पुस्तक पाठविणे सोपे असते. कपाट, पलंग, शीतकपाट यांसारख्या वस्तूंचा वाहतूक खर्च काही वेळा वस्तूच्या किमतीच्या जवळ जातो. तो कोणी द्यायचा, वाटेत मोडतोड झाल्यास जबाबदारी कोणाची, वस्तू उतरवून जोडून कोण देणार, यांवर ठरलेला सौदा मोडतो. घर बदलताना किंवा बदलीच्या वेळी सामान विकणाऱ्यांना ठरावीक तारखेपर्यंत विक्री करावी लागते. ग्राहकाला हे कळल्यावर किंमत अधिकच खाली येते.

खासगी माहिती

विक्रीसाठी विक्रेत्यास आपला दूरध्वनी क्रमांक, घराचा पत्ता आणि घरातील सामानाची छायाचित्रे अनोळखी व्यक्तींना द्यावी लागतात. वस्तू विकली गेल्यावरही दूरध्वनी येत राहतात. स्त्रियांना अनावश्यक संदेशांचा त्रास होण्याचा धोका अधिक असतो. मोबाइल व संगणक विकताना त्यांतील छायाचित्रे, संदेश व बँक अ‍ॅप राहून गेल्यास नुकसान वस्तूच्या किमतीपेक्षा मोठे होऊ शकते.

आर्थिक फसवणूक

जुन्या वस्तूंच्या व्यवहारात फसवणुकीचा धोका ग्राहकालाच असतो, असा समज रूढ आहे. यूपीआयच्या प्रसारानंतर विक्रेतेही मोठ्या प्रमाणावर लक्ष्य झाले. भारतीय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या पद्धतींवर प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत ऑनलाइन विक्री मंचांवरील फसवणुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. तिच्या नेहमीच्या पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

• खोटी ओळख : ग्राहक आपण सैन्यात किंवा निमलष्करी दलात असून दूरच्या ठिकाणी नेमणुकीवर असल्याचे सांगतो. ओळखपत्राचे छायाचित्र पाठवितो. वस्तू न पाहता, घासाघीस न करता पूर्ण किंमत मान्य करतो. गणवेशाविषयीच्या आदरामुळे विक्रेता शंका घेत नाही.

• पैसे मागण्याची विनंती : पैसे ‘पाठविले’ असे सांगून प्रत्यक्षात यूपीआयवर पैसे मागणारी विनंती पाठविली जाते. विक्रेत्याने गुप्त पिन टाकताच त्याच्याच खात्यातून रक्कम जाते. व्यक्तींमधील अशा मागणी-विनंतीची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्याचा निर्णय देयक महामंडळाने घेतला.

• क्यूआर संकेत : ‘हा संकेत स्कॅन करा, म्हणजे पैसे जमा होतील’ असे सांगितले जाते. पैसे मिळविण्यासाठी संकेत स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. सुरुवातीला १ किंवा ५ रुपये खरोखर पाठवून विश्वास संपादन केला जातो.

• जादा रकमेचा बनाव : बँकेच्या संदेशासारखा दिसणारा खोटा संदेश किंवा देयकाचे बनावट छायाचित्र पाठवून चुकून जास्त पैसे आल्याचे भासविले जाते व फरक परत मागितला जातो.

• दुवे व पडदा दाखविणारी अ‍ॅप : वाहतूकदाराचे शुल्क किंवा नोंदणी या निमित्ताने दुवा पाठविला जातो, अथवा दुरून मोबाइलचा पडदा पाहता येईल असे अ‍ॅप घेण्यास सांगितले जाते.

• चाचणी फेरी : दुचाकी चालवून पाहतो असे सांगून ग्राहक ती घेऊन पसार होतो.

यांपैकी बहुतेक प्रकारांत वस्तू विक्रेत्याकडेच राहते. पण खात्यातून गेलेली रक्कम वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते. पहिली रक्कम ‘चुकून’ गेल्याचे सांगून ती परत करण्याच्या नावाखाली पुन्हा पुन्हा पिन टाकविला जातो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गोपनीय तपशील उघड होऊन झालेला तोटा, बँकेस कळवेपर्यंत, ग्राहकासच सोसावा लागतो. त्यामुळे स्वतः पिन टाकून गेलेली रक्कम परत मिळविणे अवघड ठरते.

वाहनांची विक्री

जुन्या वस्तूंपैकी वाहनाच्या विक्रीत जबाबदारी सर्वाधिक काळ मागे राहते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार वाहन त्याच राज्यातील खरेदीदारास विकल्यास विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत, तर खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास हस्तांतरणाची माहिती द्यावयाची असते. यासाठी नमुना २९ व नमुना ३० वापरले जातात. वाहन कर्जावर असल्यास वित्तपुरवठादाराचा बोजा कमी करण्यासाठी नमुना ३५ लागतो. वाहन दुसऱ्या राज्यात जाणार असल्यास नमुना २८ नुसार ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते.

व्यवहारात अनेक विक्रेते कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी देतात आणि ‘नावावर करून घेतो’ या आश्वासनावर विसंबतात. अधिनियमानुसार नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच वाहनाचा मालक समजला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या २०१८ च्या निकालात हे तत्त्व स्पष्ट केले. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, परंतु नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे न्यायालयाने ठरविले. वाहतूक नियमभंगाचे ई-चलनही नोंदणीकृत मालकाच्याच नावे निघते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्या व्यावसायिकांसाठी प्राधिकारपत्राची तरतूद झाली. अशा अधिकृत व्यावसायिकाकडे गाडी सोपविल्याची सूचना पोर्टलवर दिल्यास विक्रेत्यावरील जबाबदारीचा कालखंड स्पष्ट होतो. दोन खासगी व्यक्तींमधील थेट व्यवहारात मात्र नाव बदलेपर्यंतचा धोका विक्रेत्यावरच राहतो.

कायदेशीर स्थिती

वस्तू विक्री अधिनियम, १९३० नुसार, काही अपवाद वगळता, स्वतःकडे नसलेली मालकी विक्रेता दुसऱ्यास देऊ शकत नाही. म्हणूनच चोरीची वस्तू पैसे देऊन घेतली तरी ग्राहक सहसा तिचा मालक होत नाही. ती चोरीची असल्याचे माहीत असूनही स्वीकारल्यास तो गुन्हा ठरतो. जुन्या मोबाइलच्या बाबतीत *#०६# हा संकेत दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक केंद्र शासनाच्या संचार साथी पोर्टलवर तपासता येतो. हे पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झाले. हरवलेल्या किंवा चोरीस गेलेल्या मोबाइलची नोंद व बंदी येथेच करता येते.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० हे नियमित व्यवसाय म्हणून नव्हे तर वैयक्तिकरीत्या व्यवहार करणाऱ्या व्यक्तीस लागू होत नाहीत. त्यामुळे घरातील जुने कपाट विकणारी व्यक्ती आणि ते घेणारी व्यक्ती यांच्यातील वाद प्रामुख्याने करार व वस्तू विक्रीच्या सर्वसाधारण कायद्यानुसार सोडवावा लागतो. काही हजार रुपयांच्या वस्तूसाठी दिवाणी न्यायालयात जाणे परवडत नसल्याने असे बहुतेक वाद तसेच सोडून दिले जातात.

संकेतस्थळांना माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९ नुसार मध्यस्थ म्हणून सशर्त संरक्षण मिळते. २०२१ च्या नियमांनुसार त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच २४ तासांत देणे व ठरावीक मुदतीत निवारण करणे बंधनकारक आहे. तोतयेगिरी करून संगणकीय साधनाद्वारे केलेल्या फसवणुकीस कलम ६६ड खाली ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ व तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीसाठी कलम ३१९ आहे.

वाशिम जिल्ह्यातील स्थिती

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. त्यात वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे ६ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती व त्यांपैकी पाचव्या हिश्शाहून कमी लोक नागरी भागात राहत होते. २०१८ साली केंद्र शासनाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली व तत्कालीन उस्मानाबाद यांच्यासह वाशिमचा समावेश झाला.

ऑनलाइन जाहिरातीचे यश जवळपासच्या ग्राहकसंख्येवर अवलंबून असते. २०११ साली पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांहून अधिक, तर वाशिम शहराची सुमारे ७८ हजार होती. पुण्यात १० किलोमीटरच्या परिघात लाखो संभाव्य ग्राहक येतात. वाशिममध्ये त्याच परिघात एक शहर आणि काही खेडी येतात. त्यामुळे विक्रेत्यास परिघ वाढवून अकोला, हिंगोली किंवा अमरावतीपर्यंतचे ग्राहक शोधावे लागतात. वाशिम ते अकोला हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावरचा ग्राहक वस्तू पाहून नकार देतो तेव्हा त्याचा दिवस व प्रवासखर्च वाया जातो. म्हणून तो येण्याआधीच किंमत पक्की करण्याचा आग्रह धरतो, तर विक्रेता न पाहिलेल्या ग्राहकावर विसंबून वस्तू राखून ठेवण्यास तयार नसतो. इसार घेण्याची जुनी रीत येथे उपयोगी पडली असती. परंतु अनोळखी व्यक्तीस आगाऊ रक्कम पाठविणे हाच फसवणुकीचा एक मार्ग असल्याने दोन्ही बाजू तिला धजत नाहीत.

जिल्ह्याचे अर्थकारण मुख्यतः कोरडवाहू शेतीवर आधारित असून सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके आहेत. सोयाबीनची काढणी दसरा-दिवाळीच्या सुमारास होते आणि शेतकऱ्यांच्या हाती पैसा त्यानंतर येतो. याउलट जून महिन्यात बियाणे, खते आणि शाळाप्रवेश यांचा खर्च एकत्र येतो. अशा वेळी पैशांची निकड असलेले विक्रेते अधिक व घेणारे कमी असतात. फवारणी पंप, तुषार संच, पेरणीयंत्र यांची मागणीही हंगामाशी बांधलेली असते. हंगाम टळल्यावर दिलेली जाहिरात पुढील हंगामापर्यंत पडून राहू शकते.

नावांचाही प्रश्न आहे. एकाच वस्तूस कोणी तुषार संच, कोणी स्प्रिंकलर, तर कोणी नुसते पाइप म्हणतो. रोमन लिपीत ही नावे लिहिताना प्रत्येकाचे वर्णलेखन निराळे होते. शोधयंत्र लिहिलेल्या शब्दावर चालत असल्याने जाहिरात असूनही ती गरजू शेतकऱ्यास दिसेलच असे नाही. आठवडी बाजारात किंवा कृषी सेवा केंद्रावर तोंडी विचारणा केल्यास ही अडचण येत नाही. त्यामुळे अवजारांचे व ट्रॅक्टरचे सौदे ओळखीचे गॅरेज चालक, मेस्त्री व दलाल यांच्यामार्फत करण्याची जुनी रीत ऑनलाइन जाहिरातींबरोबरच टिकून आहे.

जिल्ह्यातील वाहनांचा नोंदणी संकेत एमएच-३७ असून वाशिम येथे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. जिल्ह्याच्या सीमा अकोला, अमरावती, यवतमाळ, हिंगोली व बुलढाणा या पाच जिल्ह्यांना लागून असल्याने गाडीचा ग्राहक दुसऱ्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीतील असण्याची शक्यता अधिक असते. अशा व्यवहारात हस्तांतरण पूर्ण झाल्याची खात्री करणे विक्रेत्यासाठी विशेष महत्त्वाचे ठरते.

दक्षता व तक्रार

विक्रेत्यांसाठी पुढील दक्षता उपयुक्त मानल्या जातात :

• वस्तूचे दोष, वापराचा काळ व शेवटची किंमत जाहिरातीतच स्पष्ट लिहिणे. मराठी व इंग्रजी अशी दोन्ही प्रचलित नावे देणे.

• भेट दिवसा व वर्दळीच्या ठिकाणी ठेवणे. घरीच वस्तू दाखवायची असल्यास सोबत कोणी असणे.

• पैसे घेताना पिन न टाकणे, क्यूआर संकेत स्कॅन न करणे. ग्राहकाने दाखविलेल्या छायाचित्रावर न विसंबता आपल्या बँक खात्यातील शिल्लक पाहूनच वस्तू देणे.

• मोबाइल देण्यापूर्वी त्यातील गूगल किंवा अ‍ॅपल खाते काढून मग सर्व माहिती पुसणे. खाते न काढता माहिती पुसल्यास ग्राहकास तो मोबाइल वापरता येत नाही व वाद निर्माण होतो.

• वाहन देताना तारीख व वेळ नमूद केलेली पोचपावती आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत घेणे, हस्तांतरणाची सूचना स्वतः देणे आणि नाव बदलल्याची नोंद पोर्टलवर तपासणे.

• चाचणी फेरीवेळी सोबत जाणे किंवा ग्राहकाचे मूळ वाहन वा ओळखपत्र जवळ ठेवून घेणे.

फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर अथवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तत्काळ तक्रार करता येते. २०२१ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत बँका व पोलीस जोडलेले असून रक्कम पुढील खात्यांत वळविली जाण्यापूर्वी गोठविण्याचा प्रयत्न केला जातो. म्हणून पहिले काही तास निर्णायक असतात. बँकेस कळविणे, संदेश व व्यवहार क्रमांक जपून ठेवणे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद देणे ही पुढील पावले होत. रक्कम लहान आहे किंवा लोक हसतील या संकोचाने तक्रार टाळल्यास तेच खाते व तोच क्रमांक वापरून इतर विक्रेतेही फसविले जातात.

महत्त्व

वापरलेल्या वस्तूंच्या विक्रीमुळे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मोबाइल, दुचाकी व शेतीची साधने परवडतात आणि विक्रेत्यास अडगळीतील वस्तूचे पैसे मिळतात. विद्युत उपकरणांचे आयुष्य वाढल्याने ई-कचऱ्याचे प्रमाणही कमी होते. अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठीचे सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. सौदा जुळविण्याच्या त्रासाला कंटाळून वस्तू घरात पडून राहिली किंवा मोडीत गेली, तर हे लाभ मिळत नाहीत. या अडचणींवर उपाय म्हणून काही कंपन्यांनी स्वतः तपासणी करून जुने मोबाइल व मोटारी थेट विकत घेण्याची सेवा सुरू केली. तिच्यात विक्रेत्यास मिळणारी किंमत थेट विक्रीपेक्षा सामान्यतः कमी असते. तपासणी, देयक व हस्तांतरण ही कामे मात्र कंपनी करते. पूर्वी दलाल किंवा मोड घेणारा दुकानदार जे काम करीत असे, तेच या सेवांमध्ये नव्या स्वरूपात केले जाते.